आडनाव नको, गाव सांगा

मे २०२५मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. ८ तारखेला रोममध्ये नवे पोप निवडले गेले, लिओ चौदावे. जन्म शिकागोचा, आडनाव प्रीव्होस्ट, कानाला सरळसरळ फ्रेंच. वंशावळी धुंडाळणारी मंडळी लगेच कामाला लागली आणि थोड्याच दिवसांत निघालं ते भलतंच. पोपचे वडिलांकडचे आजोबा सिसिली बेटावरच्या मिलात्सो गावचे, आडनाव रिज्जितानो. प्रीव्होस्ट हे आजीच्या आईचं माहेरचं आडनाव, आणि पुढच्या पिढ्यांना चिकटलं ते तेच.

दुसरी बातमी २३ तारखेची. इटलीने मार्चमध्ये काढलेल्या वटहुकमाचं कायद्यात रूपांतर केलं. पणजोबा किंवा खापरपणजोबा इटालियन होते, एवढ्या बळावर इटलीचा पासपोर्ट मागण्याची वाट बंद झाली.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिचा नवरा इटालियन वंशाचा, अमेरिकेतली चौथी पिढी. तिचा मेसेज आला, "दादा, ह्यांचे पणजोबा नापोलीचे होते म्हणतात. तू जुने कागद शोधण्यात पटाईत आहेस. आडनाव पाठवते, इटलीत कुठे सापडतंय बघ ना." नापोली म्हणजे आपण ज्याला नेपल्स म्हणतो ते शहर. मी पटाईत वगैरे काही नाही. घरात जात पडताळणीची वेळ आली तेव्हा पणजोबांची नोंद हुडकायला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, एवढंच माझं शिक्षण. पण ते इथे अगदी फुकट गेलं नाही. तिला पाठवलेलं पहिलंच उत्तर होतं, "आडनाव नको. गाव सांग."

आडनावावरून का कळत नाही?

इटलीत सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव रोस्सी आहे. अर्थ तांबडा, कुणा पूर्वजाचे केस तांबूस असतील. दक्षिणेत त्याचंच रूप रुस्सो. हे आडनाव घेऊन इटलीत शोधायला बसणं म्हणजे महाराष्ट्रात येऊन "इथले पाटील कुठे राहतात?" असं विचारण्यासारखं आहे. आडनाव दुर्मीळ असेल तर फार तर प्रांताचा अंदाज येतो. पण लहानशा डोंगरी गावातही एकाच आडनावाची तीस-चाळीस घरं असायची. मग गावातले लोक त्यांना टोपणनावांनी ओळखायचे, आपल्याकडे एकाच भावकीतली घरं वरचे, खालचे, विहिरीजवळचे म्हणून वेगळी काढतात तसं.

खरी अडचण त्याहून मोठी आहे. देशभरच्या जन्म-मृत्यूंची आडनावावार एकच यादी इटलीत कधी झालीच नाही. नोंदी लिहिल्या गेल्या त्या गावावार आणि वर्षावार. आपलं गाव नमुना १४चं पुस्तक, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, तेही तसंच. जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन "आमच्या आजोबांची नोंद द्या" म्हटलं, तर पहिला प्रश्न येतो "गाव कोणतं?" आणि दुसरा "साल कोणतं?" ही दोन उत्तरं नसतील तर समोरचा कारकून कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही नसतं.

इटलीतल्या गावाच्या या एककाला कोमुने म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवला की पुष्कळ काम भागतं. शंभर माणसांची वस्ती असो की रोम शहर, दोन्ही कोमुनेच. ग्रामपंचायत आणि महानगरपालिका यांना तिकडे एकच नाव. आज देशात साधारण ७,९०० कोमुने आहेत. तुमचा माणूस त्यातल्या नेमक्या कुठल्या एकात जन्मला, हे शोधण्यात निम्म्याहून जास्त मेहनत जाते.

पण घरात सगळे 'नापोली' म्हणतात, त्याचं काय?

मुंबईत कुणी म्हणालं, "आम्ही रत्नागिरीचे," तर तो रत्नागिरी शहरातला असेलच असं आपण धरत नाही. गुहागरच्या एखाद्या वाडीतलाही असू शकतो. समोरच्याला वाडीचं नाव सांगून काय कळणार, म्हणून माणूस ओळखीचं मोठं नाव सांगतो. नापोलीचंही तसंच. नापोली हे शहर, नापोली हा प्रांत, आणि लाखो लोकांनी अमेरिकेचं जहाज धरलं ते बंदरही नापोलीच. शंभर किलोमीटर आत डोंगरात जन्मलेला माणूस नातवंडांना "मी नापोलीहून आलो" असं सांगायचा, आणि त्यात खोटं काही नसायचं.

त्यातही इटलीत वाडीसाठी वेगळा शब्द आहे, फ्रात्सिओने. घरात जपून ठेवलेलं नाव बऱ्याचदा या वाडीचं निघतं. ते नकाशात सापडतं, पण त्या नावाचं दप्तर कुठेच नसतं, कारण दप्तर असतं कोमुनेचं. शिवाय गावांची नावंही बदलली. मुसोलिनीच्या काळात, १९२७मध्ये, सिसिलीतल्या जिरजेंतीचं आग्रिजेंतो झालं, कास्त्रोजोव्हान्नीचं एन्ना झालं. १९१० सालच्या कागदावर जिरजेंती लिहिलेलं असतं आणि नातू आजच्या नकाशात ते शोधून दमतो.

'इटालियन' हा शब्दही तितकाच फसवा. १८६१पूर्वी इटली नावाचं एक राज्यच नव्हतं. गायक फ्रँक सिनात्राचं घर घ्या. वडील सिसिलीतल्या लेर्कारा फ्रिद्दीचे, आई पार उत्तरेला जेनोवाजवळच्या लुमार्त्सोची. दोघांच्या गावच्या बोली एकमेकींना सहजी कळायच्या नाहीत. अमेरिकन कारकुनाच्या लेखी मात्र दोघेही इटलीचे, विषय संपला.

गाव सापडतं ते अमेरिकेतच

बहुतेक लोक इथे उलटं करतात. पूर्वज इटलीचा, म्हणून शोध इटलीपासून. खरं तर गावाचं नाव सापडतं ते तो जिथे जाऊन राहिला तिथल्या कागदांत. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत साधारण ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले. अर्जेंटिना आणि ब्राझीलला गेलेले वेगळे. एवढी माणसं आली म्हणजे एवढे कागदही झाले.

सगळ्यांना आधी आठवते ती जहाजाची यादी. बाहेर देशांतून येणाऱ्यांना तपासून उतरवून घ्यायचं न्यूयॉर्कचं ठाणं, एलिस बेट, १ जानेवारी १८९२ला सुरू झालं. जहाज कंपनीला प्रत्येक उतारूची माहिती तक्त्यात भरून द्यावी लागे. सुरुवातीला रकाने थोडे होते, पण १९०७पासून जन्माचं गाव आणि मायदेशी मागे राहिलेल्या सगळ्यात जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता हेही लिहून घ्यायला लागले. एकाच ओळीत गाव आणि आईचं किंवा बायकोचं नाव! त्यामुळे १९०७नंतर आलेल्या माणसाचा माग काढणं त्याच्या दहा वर्षं आधी आलेल्या भावापेक्षा सोपं जातं. आणखी एक लक्षात ठेवायचं, पुष्कळ पुरुष दोन-तीनदा ये-जा करत. हंगाम करायचा, पैसे घेऊन घरी जायचं, पुन्हा यायचं. आपले चाकरमानीच. तेव्हा एक फेरी सापडली म्हणून थांबू नये.

त्यानंतर नागरिकत्वाचे कागद. २७ सप्टेंबर १९०६ पूर्वी अमेरिकेत कुठलंही कोर्ट आपापल्या पद्धतीने नागरिकत्व देई आणि कागदावर बऱ्याचदा 'इटली' एवढंच असे. त्या तारखेपासून देशभर एकच नमुना आला, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जहाजाच्या नावासकट. बायकांचे स्वतंत्र कागद मात्र १९२२पर्यंत फारसे सापडत नाहीत. नवरा नागरिक झाला की बायको आपोआप होई, तिला कुणी विचारत नसे.

माझा सगळ्यात आवडता कागद वेगळाच आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ५ जून १९१७ला २१ ते ३० वयाच्या सगळ्या पुरुषांना नाव नोंदवायला लावलं. नागरिक असो वा नसो, सुट्टी नाही. त्या कार्डावर जन्मगाव विचारलं होतं. पुढच्या वर्षी, १२ सप्टेंबर १९१८ला, उरलेल्या वयांची नोंदणी झाली तेव्हा नवीन कार्डावरून हा रकाना काढून टाकला. पणजोबा १९१७ साली पंचवीस वर्षांचे असतील तर नशीब, पस्तिशीचे असतील तर दुसरा कागद शोधा. कुणा साहेबाने नमुना आटोपशीर केला आणि शंभर वर्षांनंतरच्या नातवंडांच्या तोंडचा घास काढला.

कागदात काही नसेल तर शेजार बघावा. इटालियन लोक अमेरिकेत विखरून राहिले नाहीत. एका गावचे लोक एका गल्लीत, ओळखीने नोकरी, ओळखीने लग्न. गिरणगावात एकेका खोलीवर एकेका गावची माणसं असायची आणि गावाच्या नावाने मंडळ चालायचं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात दर उन्हाळ्यात संत पाओलिनोचा उंच मनोरा खांद्यावर घेऊन नाचवतात. तो उत्सव नोला गावचा. तिथून आलेल्यांनी १९०३मध्ये तो सुरू केला. पणजोबा कुठल्या संताच्या मंडळात होते हे घरातल्या एखाद्या म्हातारीला आठवत असेल, तर गाव जवळजवळ हाती आलं समजा.

एलिस बेटावर नावं बदलली ना? मग यादीत कसं सापडणार?

ही समजूत अमेरिकेत घरोघरी आहे. घाईतल्या साहेबाला नाव उच्चारता येईना म्हणून त्याने मनाला येईल ते लिहिलं. गोष्ट म्हणून छान, पण खरी नाही. बेटावरचा अधिकारी नाव लिहीतच नव्हता. यादी निघण्याच्या बंदरावरच, म्हणजे नापोली, पालेर्मो किंवा जेनोवात, तयार झालेली असे. अधिकारी ती समोर ठेवून फक्त पडताळून पाही. दुभाषेही हजर असत.

नावं बदलली ती नंतर, आणि बहुतेकदा लोकांनी स्वतःच बदलली. मुकादमाला हाक मारता यावी, पोराला शाळेत कुणी चिडवू नये. साल्वातोरेचा सॅम झाला, जोव्हान्नीचा जॉन. विन्चेन्त्सोचा व्हिन्सेंट होणं समजू शकतं, पण कित्येक विन्चेन्त्सो चक्क जेम्स झाले! त्यामुळे यादीत जॉन शोधून उपयोग नाही. तिथे मूळ इटालियन नावच असतं, फक्त वाचणाऱ्याने टंकताना घोळ घातलेला असू शकतो.

बायकांच्या बाबतीत तर आपल्याला आश्चर्य वाटावं अशी सोय आहे. आपल्याकडे लग्न झालं की आडनाव बदलतंच, पूर्वी नावही बदलायचे. मग चार पिढ्यांमागच्या आजीचं माहेर शोधायचं कसं? इटलीच्या दप्तरात बाई जन्मापासून मरेपर्यंत वडिलांच्याच आडनावाने राहते. जहाजावरही पुष्कळदा ती त्याच नावाने चढलेली असते आणि मुलं नवऱ्याच्या. म्हणून पणजोबा सापडेनात, तेव्हा पणजीला तिच्या माहेरच्या आडनावाने शोधून पाहावं.

गाव कळलं. आता कुठलं दप्तर?

इथे विचारायचा प्रश्न एकच, पूर्वज जन्मला तेव्हा तिथे राज्य कुणाचं होतं? मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०२३पासून कुणबी नोंदींचा जो शोध चालला, त्यात सगळ्यांनी पाहिलं की निजामाच्या मुलखातलं दप्तर वेगळं, मुंबई इलाख्यातलं वेगळं. लिपी वेगळी, रकाने वेगळे, ठेवण्याची जागाही वेगळी.

इटलीत जन्म, लग्न, मृत्यू यांच्या सरकारी नोंदी आल्या नेपोलियनबरोबर. त्याआधी हे काम चर्चचं. नापोलीच्या राज्यात १८०९पासून सरकारी नोंदी सुरू झाल्या. नेपोलियन पडला, उत्तरेत बहुतेक ठिकाणी ही पद्धत गुंडाळली गेली, पण दक्षिणेत परत आलेल्या राजांनी ती चालूच ठेवली आणि १८२०मध्ये सिसिलीलाही लावली. एकत्र झालेल्या इटलीने १ जानेवारी १८६६पासून ती देशभर आणली. व्हेनिसचा मुलूख उशिरा सामील झाला, तिथे नोंदी १८७१पासून. ट्रेंतोचा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, तिथे १९२३ संपेपर्यंत पाद्रीच नोंदी ठेवत.

यातली गंमत अशी, की गरिबीला कंटाळून अमेरिकेला गेलेले बहुसंख्य लोक दक्षिणेचे, आणि सलग सरकारी दप्तर सगळ्यात जुनं तेही दक्षिणेचंच. शेतमजुराच्या नातवाला १८०९पर्यंत सरळ मागे जाता येतं. उत्तरेतल्या खात्यापित्या घरातल्या नातवाला १८६६ला चर्चची पायरी चढावी लागते.

प्रत्येक नोंदवहीच्या दोन प्रती होत. एक कोमुनेत राही, दुसरी न्यायालयात जाई आणि सत्तर वर्षांनी तिथून राज्य अभिलेखागारात. हा दूरदर्शीपणा फार मोलाचा ठरला, कारण भूकंप, आग आणि युद्ध तिकडच्या गावांना नवीन नाहीत. एक प्रत गेली तरी दुसरी असू शकते. अभिलेखागारातल्या या प्रतींची छायाचित्रं इटलीच्या सरकारने 'आंतेनाती' नावाच्या संकेतस्थळावर टाकली आहेत. आंतेनाती म्हणजे पूर्वज. घरबसल्या, फुकट. आपल्या तहसिलीत नकलेसाठी अर्ज करून आठ-आठ दिवस फेऱ्या मारलेल्या माणसाला हे पाहून थोडा मत्सर वाटतो, हे कबूल करतो. सगळी गावं अजून तिथे नाहीत. जी नाहीत, त्यांच्यासाठी कोमुनेला इटालियनमध्ये चार ओळींचं पत्र पाठवायचं. त्यात आईवडिलांच्या नावांसकट उतारा हवा असं स्पष्ट लिहायचं; नाहीतर नुसता जन्मदाखला येतो आणि नेमकं हवं तेच त्यात नसतं. २०२५पासून शंभर वर्षांहून जुन्या नोंदीच्या उताऱ्याला ३०० युरोपर्यंत शुल्क लावायची मुभा कोमुनेंना मिळाली आहे, तेव्हा आधी फुकटचं बघून घेतलेलं बरं.

मला इटालियन येत नाही, मग?

भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. नोंदी एका साच्यातल्या असतात. एकोणिसाव्या शतकात तर छापील मजकुरात मोकळ्या जागा ठेवलेल्या, त्या कारकुनाने भरलेल्या. पंधरा-वीस शब्द आणि महिन्यांची नावं पाठ केली की जन्म कुठला, मृत्यू कुठला हे कळतं. आकडे मात्र अक्षरी असतात, तेही जोडून लिहिलेले, ते सवयीने जमतं. वर्षाच्या वहीच्या शेवटी नावांची सूची असते आणि दर दहा वर्षांची एक एकत्र सूचीही असते. अक्षर काही ठिकाणी भयंकर आहे, पण मोडी वाचणारा माणूस शोधत फिरण्याइतकी वेळ येत नाही.

एक शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचा, 'फू'. रोमन लिपीत दोनच अक्षरांचा, पण सोन्याचा. वडिलांच्या नावाआधी 'दी' असेल तर ते हयात, 'फू' असेल तर गेलेले. आपलं 'कै.' समजा. १८९०च्या नोंदीत 'दी' आणि १८९४च्या नोंदीत 'फू' असेल, तर वडिलांचा मृत्यू त्या चार वर्षांतच शोधायचा. बाकीच्या वह्या उघडायच्याच नाहीत.

चकवा देतात ती नावं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींना त्याच क्रमाने आज्यांची. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवायचे, पण सुनेला सासऱ्याचं नाव तोंडाने घेता येत नसे म्हणून पोराचं बाळ, बंडू, भाऊ असं काहीतरी होई. इटलीत ती अडचण नव्हती. म्हणजे जुझेप्पे नावाच्या आजोबांना पाच मुलगे असतील, तर एकाच गावात, एकाच आडनावाचे, पंधरा-वीस वर्षांच्या आतबाहेर जन्मलेले पाच जुझेप्पे तयार. त्यात एखादं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव. नाव आणि साल जुळलं म्हणून नाचू नये. आईचं नाव जुळेपर्यंत तो आपला माणूस नव्हे.

सगळ्यात मोठं घबाड: लग्नाची फाईल

दक्षिणेत १८०९ ते १८६५ या काळात लग्न नोंदवायचं तर कागदांचा गठ्ठा जोडावा लागे. त्याला आल्लेगाती म्हणतात, म्हणजे निव्वळ 'सोबत जोडलेले'. वधूवरांचे जन्माचे उतारे त्यात असतच. लग्नाला वडिलांची संमती लागे. वडील गेले असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा. मग संमतीचा हक्क आजोबांकडे. तेही गेले असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला.

याचा अर्थ बघा. १८३० सालच्या एका लग्नाच्या फाईलमध्ये, सतराशे चाळीस-पन्नासच्या सुमारास जन्मलेल्या आजोबांचा मृत्यूचा दाखला असू शकतो. एका गठ्ठ्यात तीन पिढ्या, आणि सरकारी नोंदी सुरू होण्याच्या कितीतरी आधी जन्मलेला माणूस हाती. पडताळणीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करताना प्रत्येक नावामागे पुरावा जोडताना आपण वैतागतो, पण दोनशे वर्षांनी कुणाला तरी ही फाईल अशीच सापडेल.

त्याच्याही मागे जायचं तर चर्च. ट्रेंतच्या धर्मसभेने १५६३मध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम काढला. लॅटिनमध्ये, पाद्र्याच्या अक्षरात, गावच्या चर्चच्या कपाटात. त्यातलं फारच थोडं संगणकावर आलं आहे. इथे पत्र, ओळख आणि गोड बोलणं यांचा उपयोग होतो.

आणि जिथे रस्ता संपतो

कधी कधी मागे जाता जाता अचानक आईवडिलांच्या जागी कोरं येतं. नापोलीच्या आनुन्त्सियाता संस्थेच्या भिंतीत एक लाकडी चाक होतं. बाहेरून कुणीतरी तान्हं मूल त्यात ठेवायचं, चाक फिरवायचं, मूल आत. ठेवणाऱ्याचं तोंड आतल्यांना दिसत नसे, हाच त्या चाकाचा उपयोग. अशा मुलांना तिथे एस्पोझितो हे आडनाव मिळे, म्हणजे 'बाहेर ठेवलेला'. फ्लोरेन्समध्ये इन्नोचेंती, रोममध्ये प्रोयेत्ती, मिलानमध्ये कोलोंबो. नापोलीचं चाक १८७५मध्ये बंद झालं. आडनावं राहिली, आणि आज एस्पोझितो हे देशातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांत आहे.

असं आडनाव म्हणजे आज कुणी कमी, असं मुळीच नाही. पण शोधणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी. काही वेळा मुलाच्या अंगावर काय कपडे होते, गळ्यात अर्धं तोडलेलं पदक होतं का, हे कारकुनाने बारकाईने लिहून ठेवलेलं असतं. दुसरा अर्धा तुकडा घेऊन आई कधीतरी परत येईल या आशेने. ती नोंद वाचताना पानावर जरा थांबायला होतं.

मग सरळ डीएनए तपासणीच का करू नये?

करा, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. लाळेच्या नमुन्यावरून साधारण प्रदेश कळतो आणि त्याच कंपनीकडे तपासणी केलेले लांबचे चुलत-मावस भेटतात. गाव ती सांगत नाही. भेटलेल्या भावंडांपैकी एखाद्याच्या घरात गावाचं नाव टिकलेलं असेल तर काम झालं. चाकात ठेवलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र, जिथे कागद गप्प बसतात, तिथे कधीकधी तीच बोलते.

आणि पासपोर्ट?

जुना नियम असा होता की इटालियन नागरिकाचं मूल कुठेही जन्मलं तरी इटालियन, आणि ही साखळी कितीही पिढ्या चाले. अट एकच, मधे कडी तुटता कामा नये. पणजोबांनी मुलाच्या जन्माआधी अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर तुटली. वारसा बाईकडून आला असेल आणि तिचं मूल १ जानेवारी १९४८पूर्वी जन्मलं असेल तर कोर्टात जावं लागे, कारण त्याआधी नागरिकत्व द्यायचा हक्क बापाचाच होता.

नव्या कायद्याने ही साखळी आईवडील आणि आजी-आजोबांपर्यंत आणून थांबवली. त्यांच्यापैकी कुणाकडे तरी फक्त इटलीचंच नागरिकत्व असलं पाहिजे, दुसऱ्या कुठल्या देशाचं नको, किंवा मरतेवेळी तरी तसं असलेलं पाहिजे. याला थोडे अपवाद आहेत, आणि ज्यांनी २७ मार्च २०२५पर्यंत रीतसर अर्ज दाखल केले, त्यांना जुनेच नियम. गोव्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची नोंद, पोर्तुगीज नागरिकत्व मिळावं म्हणून, लिस्बनला चढवण्यासाठी किती घरांनी जुने दाखले बाहेर काढले, नावातल्या एकेका अक्षरासाठी किती खेटे घातले! कागद तसेच, डोकेदुखीही तशीच.

मावसबहिणीच्या नवऱ्याचं प्रकरण त्यामुळे इथेच मिटलं. पणजोबा म्हणजे तिसरी पायरी, कायद्याच्या बाहेर. मला वाटलं आता ती विषय सोडून देईल. पण सासूबाईंनी माळ्यावरची पेटी उतरवली होती आणि तिघं जण जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते.

१९१७चं कार्ड सापडलं. जन्मगाव नापोली नव्हतंच. आव्हेल्लिनो प्रांतातलं, डोंगरातलं एक लहानसं कोमुने. आंतेनातीवर त्या गावची १८९३ची वही होती. शेवटची सूची, त्यात नाव, मग पान. मी इथून आणि ती तिथून, दोघं एकाच वेळी ते पान बघत होतो. एका ओळीपाशी दोघंही अडलो. मुलाचा जन्म नोंदवायला वडील आले नव्हते, सुईण आली होती. वडील का आले नाहीत, याचं कारण कारकुनाने साच्यातल्या मजकुराबाहेर, आपल्या हाताने लिहिलं होतं. शब्दकोशाची गरज पडली नाही.

वडील अमेरिकेत आहेत.

चार पिढ्या त्या घरात सांगितलं जात होतं की पणजोबा हे अमेरिकेत पाऊल ठेवणारे पहिले. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग तिचा मेसेज आला, "दादा, १८९३च्या आधीच्या जहाजाच्या याद्या कुठे बघायच्या?"